अभ्यासातून आलेलं स्टूल

डिझाइन कॉलेजच्या निनादनं प्रोजेक्टचा विषय स्वतःच्या अकलेनं निवडला होता: बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बायांची पाठदुखी. दोन महिने एटापल्लीला खेटे घालून त्यानं शेत मोजावं तशी तिथल्या मंगलीची पाठ, मान, कोपरं मोजून नेली, आणि आज उंच, गुळगुळीत स्टूल घेऊन हजर झाला. मंगली बसली. पाय लोंबकळले, मांडीवरची टोपली गरगर फिरू लागली.

"टोपलीचं बूड पायानं दाबून विणतो आमी. दोन महिने काय पाहून राह्यला होता, भाऊ?"

त्यानं घाईघाईनं लॅपटॉपवर तिचे फोटो उघडले. एकाही फोटोत पाय नव्हते.

"चिखलानं भरलेले होते ना, मावशी. सरांना दाखवायचं म्हणून कापले."

मंगली उतरली. त्याच चिखलाच्या पायानं तिनं स्टूल बाजूला सारलं आणि खाली बसली.