सगळ्यांनाच होतं की

"घट्ट धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरून दोन बोटं पुढे केली.

मुलीनं ती मुठीत धरली.

"आता पटकन सोडा."

मूठ पटकन सुटली नाही. आधी अंगठा हलला, मग तर्जनी सरळ झाली, मग उरलेली बोटं अर्धवट झोपेतून उठवल्यासारखी एकेक करत उलगडली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोटं पुढे केली. पुन्हा तसंच झालं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, गिऱ्हाइकांचे नंबर तपासायचे. गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ समोरच्या पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते आणि ही उभ्या उभ्या झोपली. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर का?" सगळं दुकान हसलं. मालक हसला नाही.

त्याआधीच तिचं रक्त तपासून झालं होतं, लोहाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या, थायरॉईड बघून झालं होतं. सगळं ठीक. एका डॉक्टरांनी लग्न झालंय का ते विचारलं, दुसऱ्यांनी मन रमवायला सांगितलं. अंग मात्र सकाळी डोळे उघडतानाच दिवसभर राबल्यासारखं असायचं.

आज आई सोबत आली होती, ती डॉक्टरांना खरं काय ते एकदाचं सांगून टाकायला.

"आळस आहे हो, दुसरं काही नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून अशीच. शाळेत जाताना चालता चालता पेंगायची. आणि पकडीचं म्हणाल, तर आमच्याकडे सगळ्यांची तशीच आहे."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. "सगळ्यांची म्हणजे?"

"आता भरलेली बादली उचलली, की हात लगेच सुटतो थोडाच? दुसऱ्या हातानं बोटं सोडवून घ्यायची. थंडीत जरा जास्त वेळ लागतो."

"तुम्हाला कधीपासून होतं असं, मावशी?"

"पहिल्यापासून. सगळ्यांनाच होतं की."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांना नाही होत."

आईला ती थट्टा वाटली. ती हसली. मग डॉक्टरीणबाईंनी आपला हात टेबलावर ठेवला, मूठ आवळली आणि उघडली. आवळली, उघडली. आई हसायची थांबली. वाकून ती त्या हाताकडे बघत राहिली, दुकानात न परवडणाऱ्या वस्तूकडे बघावं तशी.

"आणि दमायला होतं?"

"दमायला कुणाला होत नाही? म्हणून काय बाईमाणसानं बसून राहायचं?"

"डोळ्यांचा काही त्रास?"

"दोन्हींचा मोतीबिंदू काढलाय. चाळिशीतच. लवकर पिकला म्हणाले."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "हा माझा अंदाज आहे. रक्ताची एक वेगळी तपासणी करू, मग खात्रीनं सांगता येईल. पण मला हा स्नायूंचा आजार वाटतो. घराण्यातून येतो. आईला थोडा असतो, लेकराकडे येताना वाढून येतो. हात लवकर सुटत नाहीत, ताकद कमी होते, झोप आवरत नाही."

"औषध?" आईनं विचारलं.

"मुळापासून जाईल असं औषध नाही. झोपेचं थोडंफार बघता येईल."

मुलीला यातलं शेवटचं ऐकूच आलं नसावं. "म्हणजे मी आळशी नाही," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "आई, मी आळशी नाहीये." परीक्षेत पास झाल्याचं सांगावं तसा तिचा आवाज होता.

"ऐकलं," आई म्हणाली.

"आणखी एक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार हृदयालाही धरतो. ठोके चुकतात. कधी कधी काहीच न दुखता-खुपता, अगदी झोपेतसुद्धा. म्हणून दोघींचाही ईसीजी आजच काढू आणि पुढेही वरचेवर काढत राहू. घरात आणखी कोण आहे? भावंडं?"

"एक भाऊ होता," मुलगी म्हणाली. "मोठा."

"काय झालं त्याला?"

"मी तेव्हा शिकायला बाहेर होते. झोपेतच गेला, एवढंच..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. मघाचा आनंद चेहऱ्यावर तसाच राहून गेला होता. त्याचं काय करावं ते तिला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. "त्यालाही झोप फार यायची का, मावशी?"

आई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. ती बोलली ती पत्ता सांगावा तशा सुरात.

"सकाळी मीच गेले होते उठवायला. नव्या नोकरीचा दुसरा दिवस होता. आधीच्या नोकऱ्या झोपेपायीच घालवलेल्या त्यानं. हाका मारल्या, उठेना. मला वाटलं, सोंग घेतलंय. पेलाभर पाणी ओतलं तोंडावर."

मुलगी तिच्याकडे बघत होती. हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तरी हलला नाही," आई म्हणाली. "मग मला राग आला. ऊठ मेल्या, म्हणाले त्याला. दोनदा म्हणाले."