दुसरा भोंगा

"चाचा, शिडी घट्ट धरा," जोतीराम वरून म्हणाला.

गिरणीच्या टाइम ऑफिसच्या पत्र्यावर तो एरियलची तार ताणत होता. खाली शिडी धरून हुसेनसाब उभे होते. बावीस वर्षं त्यांनी या गिरणीचा भोंगा वाजवला होता, आणि येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते. आपल्या जागी येणाऱ्या घड्याळाची शिडी आपणच धरायची, याचं त्यांना हसू येत होतं. थोडंसंच.

जोतीराम मूळचा मोहोळचा, आता पुण्याच्या कंपनीत मेकॅनिक. खाली उतरून त्यानं कपाटाएवढं घड्याळ भिंतीशी सरळ केलं आणि समजावून सांगितलं. रेडिओवर बातम्यांआधी पिप-पिप वाजतात, ते हे घड्याळ स्वतः ऐकतं आणि आपला सेकंद दिल्लीशी जुळवून घेतं. आत एक चकती आहे, तिला मिनिटामिनिटाला भोक. ज्या भोकात खिळा बसवाल, त्या मिनिटाला वाफ सुटणार आणि भोंगा वाजणार. साखळी ओढायला माणूस नको.

"आन् चुकलं तर?"

"चुकत न्हाई की चाचा. रोजच्या रोज सोताला सुदारतंय ते."

हुसेनसाबांनी चकतीवरची नजर काढून घेतली. कारण ते स्वतः रोज चुकत होते. चांगले चार मिनिटांनी, आणि तेही ठरवून.

सकाळी साडेसहाला पहिला भोंगा, सातला दुसरा. दुसरा वाजला की गेट बंद. अकरा वर्षांपूर्वी एक बाई बंद गेटाचे गज धरून रडताना त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवसापासून सातचा भोंगा सात वाजून चार मिनिटांनी व्हायला लागला. कुणाला शंका आली नाही. गिरणीभोवतीच्या भवानी पेठेत रेडिओ आणि भोंगा जुळले नाहीत तर लोक रेडिओलाच नावं ठेवत. "दिल्लीवाल्यास्नी कायम घाई," असं म्हणत आणि घड्याळं भोंग्यावर लावत. मॅनेजरसाहेब रोज दुसऱ्या भोंग्याला हातात घड्याळ घेऊन गेटवर उभे असत. तेही आपलं घड्याळ भोंग्यावरच लावत असणार, याबद्दल हुसेनसाब निर्धास्त होते.

साहेब फार कडक. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्याला, तीनदा उशीर झाला की यादीतून नाव कमी. तिथे रडणं चालत नसे आणि पाया पडणंही चालत नसे.

मुक्ताबाईचे दोन उशीर झाले होते. ती बाबिणींवर सूत भरायच्या खात्यात बदलीवर. तिचा नवरा बिरदेव रात्री एका गोदामाची राखण करायचा आणि पहिल्या भोंग्याला सुटायचा. तो घरी येऊन पोर हातात घेईपर्यंत तिला उंबरा ओलांडता येत नसे. मग अर्धा रस्ता चालत, अर्धा पळत. गेटवर पोचायला सात वाजून तीन मिनिटं होत.

मार्चमध्ये हुसेनसाब भाचीच्या लग्नाला दुधनीला गेले होते. ते दोन दिवस बॉयलरवरच्या धोंडीरामनं भोंगा वाजवला. त्या बिचाऱ्यानं तो सातच्या ठोक्यालाच वाजवला. दोन दिवसांत साहेबांनी बत्तीस जणांना गेटवरून परत पाठवलं. मुक्ताबाई दोन्ही दिवस त्यात होती.

दुपारच्या सुट्टीत तीच दारात आली. हातात शेंगाचटणीची पुडी.

"कशाला गं हे?" हुसेनसाब म्हणाले.

"घ्या की चाचा. तुमचा हात साखळीला असला की माजी पावलं टायमात पोचत्यात. तुमी दुधनीला गेलावता तवा बगितलं न्हवं मी? लई उपकार हायत तुमचे."

मग तिनं पदराची गाठ सोडली आणि नव्या घड्याळाला हळदीकुंकू लावलं. "ह्येचाबी हात चांगला निगू दे," म्हणाली आणि हात जोडून गेली.

हुसेनसाबांना चटणीची पुडी हातात धरवेना. ते जोतीरामजवळ गेले.

"बाबा, सकाळच्या दुसऱ्या भोंग्याचा खिळा जरा पुढं सरकवता येतो का? चारच भोकं."

"माजी नोकरी जाईल चाचा. सायेब देतील त्याच टायमावर खिळा."

हुसेनसाब थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं कबूल करायचं, निवृत्तीचे पैसे बुडाले तरी बुडोत, पण मुक्ताबाईचं तेवढं बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी तोंड उघडण्याआधीच साहेब खुर्चीतून उठले. बावीस वर्षांत ते त्यांच्यासाठी कधी उठले नव्हते.

"हुसेनसाब, गिरणीची वेळ तुम्ही सांभाळलीत. गिरणी तुमची आभारी आहे. मीही आहे."

एवढी लाज हुसेनसाबांना आयुष्यात वाटली नव्हती.

"साहेब, त्या वेळेबद्दलच थोडं बोलायचं होतं."

"आता नको." साहेबांनी एक बंद पाकीट पुढे केलं. "यात भोंग्याच्या वेळा आहेत. घड्याळ जुळलं की मेकॅनिकला द्या. सेकंदाचाही फरक चालणार नाही म्हणावं. जा, बातम्या सुरू होतील."

हुसेनसाब पाकीट घेऊन परत आले. एवढा मान देणाऱ्या माणसाला आपण अकरा वर्षं फसवलं, आणि आता मुक्ताबाईलाही वाचवता येत नाही. दोन्ही दु:खं बरोबर घेऊन ते स्टुलावर बसले.

पिप वाजले. घड्याळाचा काटा एकदा थरथरला आणि दिल्लीशी जुळला. जोतीरामनं पाकीट फोडलं, साडेसहाच्या भोकात पहिला खिळा बसवला, दुसरा उचलला आणि थांबला.

"चाचा, हितं टाइप करनाऱ्याची चूक दिसतीया. बगा की."

हुसेनसाबांनी चष्मा लावला. खाली साहेबांची सही होती. तारीख मार्चमधली, हुसेनसाब दुधनीहून परत आले त्या दिवसाची. आणि एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती:

"सकाळचा दुसरा भोंगा : सात वाजून चार मिनिटे."