आईकडून

डॉक्टरांनी अहवाल दुसऱ्यांदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर मास्तर मुलाला मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी त्यांची बायको.

मास्तर शाळेत जीवशास्त्र शिकवत. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर, आणि ही वीजघरं मुलाला फक्त आईकडून मिळतात, हे ते दरवर्षी रंगवून सांगत. "इथे बापाची फुशारकी चालत नाही," म्हटलं की वर्ग हसायचा. आता त्यांच्याच सहा वर्षांच्या मुलाची वीजघरं बिघडली होती. जिना चढताना त्याचे पाय लटपटत, आताशा घासही धड गिळवत नसे. यावर औषध नव्हतं.

मास्तरांच्या आईने त्यातलं 'आईकडून' तेवढं नेमकं उचललं आणि सुनेला उठता-बसता टोमणे सुरू झाले. सुनेला पाचवा महिना होता. दोष तिच्याकडून आलेला असेल, तर पोटातल्या बाळाचंही तेच होणार. म्हणून तिचं रक्त तपासायला पाठवलं होतं. ती याच दवाखान्यात रक्त घेण्याच्या कामावर. स्वतःची नळी तिने स्वतःच भरून दिली होती.

"तुमच्या रक्तात काही दोष नाही," डॉक्टर तिला म्हणाले. "होणाऱ्या बाळाला धोका नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. आईच्या आणि मुलाच्या वीजघरांची ठेवण एकसारखी असायला हवी, ती जुळत नव्हती. जन्माच्या वेळी मुलांची अदलाबदल झाली असावी, चौकशी करावी लागेल, असं ते चाचरत म्हणाले.

मुलगा बापाच्या शर्टाचं बटण फिरवत होता. मास्तरांना भडभडून आलं, आणि त्याच वेळी नको तो विचारही मनात शिरला. आपला खरा मुलगा कुठेतरी धावत असेल, खेळत असेल. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी त्यांनी मुलाला हळूच उचलून शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"आजच शोधायला लागू," ते बायकोला म्हणाले. "आईलाही कळवतो. आता तुला कोणी बोल लावणार नाही."

मग तिने मुलाला जवळ ओढलं.

"कुणाला शोधू नका. हा आपलाच आहे. आईंच्या बोलण्याला भ्यायले मी. त्या नळीत माझं रक्त नव्हतंच."