आधी तोंडानं

चिखलणीचं औत तसंच सोडून भैरू देवळात घुसला. गुडघ्यापोतर चिखल, हातात आसूड.

शाळा देवळातच भरायची. देवळालगतच्या भाताच्या खाचरात त्याला समदं ऐकू आलं होतं. आधी त्याच्या जयाचा बारीक आवाज, "रातच्याला बानं आयला चुलीतल्या लाकडानं हानलं." मग सगळ्या पोरांनी एका सुरात तेच म्हटलं. दोनदा. शेजारी लावणीला वाकलेल्या बाया ताठ झाल्या. रंभाबाई त्याच्याकडं बघून पचकन थुंकली. तितंच भैरूचं टाळकं सटकलं.

"कोन शिकिवतंय हे?"

"मी," पौडावरनं आलेल्या चंद्रकलाबाई म्हणाल्या. "पोरांना काय लिहायचं ते कळत नाही, भैरूभाऊ. म्हणून बघितलेलं आधी तोंडानं सांगायचं, सगळ्यांनी म्हणायचं, मग पाटीवर लिहायचं. तुमच्या जयानं आज पहिल्यांदा तोंड उघडलं."

"माज्या घराची अब्रू काडाया?"

त्यानं जयाची वेणी धरली, फरफटत उंबऱ्यापाशी आणली. आसूड उगारला. बाई मधे पडल्या. वादी त्यांच्याच गालावर बसली. कातडं उललं. बाई खाली बसल्या, चष्मा फरशीवर फुटला.



वेणी बापाच्या मुठीत असतानाच जया बोलली, "बानं बाईस्नी हानलं."

"बानं बाईस्नी हानलं," समदी पोरं म्हणाली. रोजची सवय.

"गप ए भवाने!" भैरूनं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. ओठ फुटला, रगात हनुवटीवर आलं.

जयानं ते पुसलं न्हाई. "बानं मला हानलं."

"बानं मला हानलं!" ह्या बारीला काही पोरांचा आवाज चढला. मागच्या रांगेतला नथू तर उभाच राहिला. हा भैरूचा धाकटा. त्याचा आवाज सगळ्यांच्या वर.

"तू बी? मुडदा पाडीन एकेकाचा!" भैरूनं आसूड पुन्हा वर केला.

"बानं आसूड..." जया बोलता बोलता थांबली.

पदरानं गाल दाबत बाई उठल्या. भैरूकडं त्यांनी बघितलंच न्हाई.

"पाट्या घ्या," त्या पोरांना म्हणाल्या.

पेन्सिली टेकल्या. समदी पोरं त्याच्या वर धरलेल्या हाताकडं बघत बसली. वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.