न हललेली बाई

अलास्काच्या या टोकाला आमच्यात नवरा देवमाशाच्या शिकारीला गेला, की बायकोनं घरात न हलता बसायचं. ती शांत, तर मासा शांत. ती हलली, की मासा बिथरला. चाळीस वर्षं बसतेय मी. अख्खं गाव हिवाळाभर जेवतं ते माझ्या बसण्यावर, हे मी कुणालाही तोंडावर ऐकवते.

आजही पहाटेपासून बोटसुद्धा न हलवता बसले होते. सून म्हणाली, "आई, घोटभर चहा तरी घ्या."

"तू पी, आणि भांडी आपटू नकोस. तिकडं मासा ऐकतोय."

संध्याकाळी होडी रिकामी आली. नणंद दारातूनच म्हणाली, "हललीस ना वहिनी? वय झालं आता, होणारच."

"ती कशाला हलतेय!" नवरा बूट काढत म्हणाला. "मासे समोरच होते. तेवढ्यात एक मोठं जहाज धडधडत त्यांच्या वाटेवर घुसलं. समुद्रातला बर्फ वितळला ना, आता अशी जहाजं रोजच जाणार म्हणे."

सगळे माझ्याकडं बघत राहिले.

"हललेच होते मी," मी म्हणाले. "दुपारी जरा पाय लांब केला. उद्या नीट बसते."