पाचव्या वर्षाचा रकाना

“तेवढं ‘कै.’ काढून टाका बाई,” प्राचार्य म्हणाले. “संशोधनातल्या यशाची यादी आहे ही, शोकसभेची नोटीस नाही. तीन वाजता समिती येतेय.”

बाई मान डोलावून आपल्या टेबलाशी आल्या. सव्वीस वर्षं त्या विज्ञान महाविद्यालयाच्या कार्यालयात टायपिंग करत होत्या. चार प्राचार्य आले नि गेले, पण दर पाच वर्षांनी निघणारा विकास आराखडा बाईंच्याच बोटांतून बाहेर पडायचा. पद्धत ठरलेली. जुना आराखडा उघडायचा, सालं बदलायची, झालेली कामं खोडायची आणि राहिलेली होती तिथेच राहू द्यायची.

आराखड्यातली यशाची यादी आजवर सालवार लागायची. यंदा समितीने ती खोलीवार मागवली होती. बाईंनी सकाळी बसून एकेक नाव उचललं आणि ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेखाली नेऊन ठेवलं, धान्य निवडावं तसं.

आता ‘कै.’ खोडायला त्यांनी पान उघडलं. पहिल्या खोलीत एकही नव्हतं. चौथ्या खोलीत नाही, सातव्यात नाही. नवव्या खोलीत सहा नावं होती. त्यातल्या चौघांपुढे ‘कै.’ होतं.

चौघांच्याही शोकसभेच्या नोटिसा बाईंनीच टाइप केल्या होत्या. पण मधे तीन-तीन, चार-चार वर्षं गेलेली. कुणाचं रक्त बिघडलं, कुणाचं फुप्फुस, कुणाचं यकृत. दर वेळी सगळे हळहळले आणि चहा घेऊन पांगले. पन्नाशी एकानेही पाहिली नव्हती, हे बाईंच्या आज लक्षात आलं.

आणि आज सकाळी दहापासून नवव्या खोलीत बाईंची लेक होती. संशोधक विद्यार्थिनी म्हणून तिचा पहिला दिवस. तिच्या अर्जाची सातही पानं बाईंनी स्वतः टाइप केली होती, आणि निवड झाल्यावर अर्ध्या गावाला फोन केले होते.

त्या पुन्हा प्राचार्यांच्या दारात उभ्या राहिल्या. “सर, हे चौघंही एकाच खोलीतले.”

“हुशार माणसं तिथेच जायची, म्हणून.” प्राचार्य आरशात बघून टायची गाठ सारखी करत होते. “आणि त्या खोलीचं आपण करतोच आहोत की. वाफा ओढून बाहेर टाकणारी यंत्रणा आहे ना आराखड्यात?”

होती. पाचव्या वर्षाच्या रकान्यात, एकटीच. पहिल्या वर्षात नवं प्रवेशद्वार, सभागृहाच्या खुर्च्या, बागेतलं कारंजं. पाचवं वर्ष उजाडेपर्यंत नव्या आराखड्याची धांदल सुरू व्हायची, आणि पाचवं वर्ष पुन्हा पाच वर्षं लांब जायचं.

नवव्या खोलीच्या खिडक्या धूळ येते म्हणून कधीच्या खिळे ठोकून बंद केलेल्या. दार उघडताच गोडसर वास आला. लेक दोन मापं मोठा पांढरा कोट घालून पुढे आली.

“आई, पहिल्याच दिवशी? डबा मी नंतर खाणारेय.”

“बाहेर ये.”

बाईंनी सगळं सांगितलं. दारातल्या दारात, हलक्या आवाजात. लेक ऐकत होती, पण तिचा एक डोळा आतल्या उकळत्या चंबूवर होता.

“अगं, इथे सगळी शास्त्रज्ञ मंडळी आहेत,” ती म्हणाली. “खरंच धोका असता तर ते काम पहिल्या वर्षात नसतं का घेतलं? पाचव्यात ठेवलंय म्हणजे कुणीतरी विचार करूनच ठेवलं असणार.”

“आणि केलाच नसेल तर विचार?”

“मग तसा कागद दाखव. कोट काढून तुझ्याबरोबर निघते. शपथ.”

दार लागलं.

बाई रागारागाने दफ्तरखोलीत शिरल्या. कुणी ठेवलं पाचव्यात, ते नाव त्यांना हवं होतं. मागचा आराखडा काढला. पाचवं वर्ष. त्याआधीचा. पाचवं वर्ष. त्याच्याही आधीचा, तेच. तळाशी वीस वर्षांपूर्वीची फाइल होती, आणि तिच्यात हाताने लिहिलेला कच्चा मसुदा. अक्षर नवव्या खोलीच्या तेव्हाच्या प्रमुखांचं. चौघांतले पहिले गेले ते. पहिल्या वर्षाखाली, सगळ्यांत वर, तांबड्या शाईने दोनदा अधोरेखित केलेलं: “खोली नऊमध्ये वाफा ओढणारी यंत्रणा. ती बसेपर्यंत खोलीला कुलूप.”

त्यालाच टाचलेली टाइप केलेली प्रत. तिच्यात ती ओळ पाचव्या वर्षाखाली गेली होती आणि कुलपाचं वाक्य गळलं होतं. कुणाचा शेरा नव्हता, बाण नव्हता, सही नव्हती. मसुदा आणि ही प्रत यांच्यामधे फक्त दोन हात आले होते.

त्या वेळी छापील आराखडा घेऊन हेच प्रमुख बाईंच्या टेबलाशी आले होते. पाचव्या वर्षाच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. “वरच्यांनी ठरवलं असेल काहीतरी,” असं म्हणून खोलीकडे निघून गेले होते.

बाईंनी दोन्ही कागद उचलले. लेकीने मागितलेला कागद मिळाला होता.

तेव्हा कार्यालयात संगणक नवा होता. रकान्यात फक्त कामं लिहायची, म्हणून कुलपाचं वाक्य बाईंनी गाळलं होतं. पहिल्या वर्षाचा रकाना दोन ओळींनी पानाबाहेर जात होता, पाचव्याखाली काहीच नव्हतं, आणि पान भरल्यासारखं दिसावं म्हणून बाईंनी ती ओळ उचलून तिकडे ठेवली होती.