मुका पलंग

"वहिनी, एकदा करवत फिरली की हा पुन्हा जोडता येणार नाही हं," सुतार म्हणाला. "दादांना विचारलंत ना?"

"मी सांगतेय ना तुम्हाला? एकाचे दोन करा. सुटसुटीत."

बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं वर्तमानपत्र सळसळलं आणि थांबलं. जन्मभर बस चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. तिनं वेगळं झोपायचा विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाला, "तुझी इच्छा." तिची इच्छा! जन्मात पहिल्यांदा कुणी मानली, तर ती ही.

सुतारानं उशाकडच्या फळीवर खूण केली आणि करवत लावली. ती दाराला टेकून पडणारा भुसा बघत राहिली. वाईट वाटून घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण वाटलंच.

"इतका जुना पलंग, पण वाजत कसा नाही?" सुतार म्हणाला. "या बांधणीचे पलंग नुसते बोंबलतात."

"आमचा शहाणा आहे."

सुरुवातीला मुळीच शहाणा नव्हता. कूस बदलली तरी करकरायचा, आणि प्लायवूडच्या आडोशापलीकडे सासूबाई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका रात्री तिला नवरा हवासा वाटला. अगदी मनापासून. तिनंच हात पुढे केला, त्याला जवळ ओढलं. पलंग करकरला. पलीकडून खोकला आला. नवऱ्यानं तिचा हात बाजूला केला आणि म्हणाला, "झोप आता."

सकाळी चहा गाळता गाळता सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं जरा दमानं घ्यावं." ती शरमेनं अर्धी झाली.

पण हवंसं वाटणं काही शरमेनं जात नाही. सासूबाई बाजारात गेल्या असताना तिनं आपला जुना फुलाफुलांचा गाऊन फाडला आणि त्याच्या चिंध्या आपल्या बाजूच्या सांध्यांत ठासल्या. भिंतीकडची, नवऱ्याची बाजू तशीच राहिली, कारण पलंग एकटीला हलेना. तरी थोड्याच दिवसांत तो पार मुका झाला. ती स्वतःच्या कामगिरीवर खूश झाली. आता हा वळेल, म्हणून वाट बघू लागली.

नेमका त्याच सुमारास दोरीवरून त्याचा कामावरचा शर्ट नाहीसा झाला. खाकी, खिशावर पिवळ्या दोऱ्यानं डेपोच्या खुणेचं चाक भरलेला. "नवऱ्याचे कपडेसुद्धा सांभाळता येत नाहीत, वेंधळी कुठली!" सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. नवरा खाली मान घालून जेवत राहिला. एका शब्दानं त्यानं तिची बाजू घेतली नाही, हे तिला कायम सलत राहिलं.

पुढे एकदा दिवा मालवल्यावर तो म्हणाला, "पलंग हल्ली वाजत नाही, नाही का?"

चोरी पकडली! आता म्हणणार, बायकोला भलतीच घाई.

"मला काय माहीत," ती म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली.

पुन्हा तिनं हात पुढे केला नाही. तोही वळला तर कधीतरी, चोरट्यासारखा, आणि मग तेही थांबलं. सासूबाई गेल्या, प्लायवूड काढून टाकलं, तरी दोघं आपापल्या कडेलाच झोपत राहिली. थंड माणूस पदरी पडला, असं ती मनाशी म्हणायची. तसं म्हटलं की राग यायचा, आणि रडण्यापेक्षा राग बरा.

फळीचे दोन तुकडे झाले. सुतारानं तिच्या बाजूचे सांधे ठोकून सुटे केले, तशा विटलेल्या फुलांच्या चिंध्या बाहेर आल्या.

"अच्छा, असं आहे होय! कुणी भरल्या या?"

"उंदरानं," ती म्हणाली. कान तापले होते.

"मोठा कसबी उंदीर आहे." सुतार हसला. त्यानं पलंग भिंतीपासून ओढला आणि पलीकडे जाऊन वाकला. थोडा वेळ नुसती ठोकाठोक ऐकू आली.

"वहिनी, तुमचा उंदीर इकडेही येऊन गेलाय."

त्यानं पकडीनं एक घट्ट वळकटी उपसली, भुसा झटकला आणि तळहातावर उलगडून तिच्यापुढे धरली. खाकी कापड होतं, आणि त्यावर पिवळ्या दोऱ्याचं चाक.